ताज्या माणसाचा नमुना

नागपुरातल्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मांडवात तर्री-पोह्यांसाठी भलीमोठी रांग लागली होती आणि रांगेत एकही माणूस जांभई देत नव्हता. येत सगळ्यांनाच असणार, रात्रभर प्रवास करून आलेली मंडळी होती. पण हल्ली चारचौघांत जांभई द्यायची सोय राहिली नव्हती. जांभई दिली की शेजारचा आधी तुमच्या कानामागे बघायचा. तिथल्या पट्टीवर हिरवा ठिपका दिसला की त्याच्या चेहऱ्यावर सरळ उमटायचं, 'हिरवा आहे आणि नाटकं करतोय.' म्हणून लोक जांभया गिळायला शिकले होते.

पद्मजा मगदूमनेही एक जांभई गिळली आणि वर तर्रीचा घोट घेतला. तिचा ठिपका हिरवागार होता. गेली सात वर्षं तो कधी पिवळासुद्धा झाला नव्हता, आणि तिच्या आयुष्यातलं खरं दुखणं तेच होतं.

ती सांगलीहून आली होती. सोबत टीमचा म्होरक्या रणधीर आरवाडे, तिचा कॉलेजपासूनचा मित्र, आणि टीममधली सगळ्यात नवी मुलगी नौशीन मुजावर. हे लोक वेबसाइटी बनवत आणि उरलेल्या वेळात 'विसावा' नावाचं सॉफ्टवेअर सांभाळत. विसावा ओपन सोर्स होतं, म्हणजे त्याचा कोड सगळ्या जगाला खुला, श्रेय सगळ्यांचं, आणि जागरणं मात्र दोघा-तिघांची. कानामागची ती पट्टी कुठल्याही कंपनीची असो, आत विसावाच चालायचं. ही परिषद म्हणजे अशा खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांची वार्षिक जत्राच होती, आणि यंदाच्या जत्रेत मानाची पालखी विसावाची होती.

"पद्मा, दुपारी समारोपाला तुझं नाव घेतोय हं मी," रणधीर पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाला. "पुढची आवृत्ती तू काढायचीस. तीन राज्यांतली इस्पितळं येतायत आपल्याकडे. आत्ता थोड्याच वॉर्डांत वापरतात ते, आता नर्सांच्या पाळ्या सगळ्या पट्टीवर लागणार. तुझ्याशिवाय कोण आहे?"

"रणधीर, मला नाही जमणार या वेळी. खरंच दमलेय रे."

रणधीरने सवयीने तिच्या कानामागे पाहिलं. "अगं, तुझ्याइतकं हिरवं तर अख्ख्या टीममध्ये कोणी नाही! कंटाळा आलाय तुला, दुसरं काही नाही. चार दिवस माहेरी जाऊन ये की."

पद्मजा पोहे नुसतेच चिवडत राहिली. 'नाही' म्हणायचा निश्चय करूनच ती सांगलीहून निघाली होती. पण नुसत्या 'नाही'ला हल्ली कोण विचारतो? पुरावा लागतो, आणि पुरावा तिच्या विरुद्ध कानामागे लुकलुकत होता.

हा पुरावा आला कुठून, ते सांगायला हवं. माणूस दिवसभर निर्णय घेत राहिला की मेंदूच्या पुढच्या भागात काही रसायनांचा गाळ साचतो. झोपेत तो निचरून जातो. निचरला नाही तर डोकं जड होतं, माणूस चिडतो, चुकतो, सोपं तेच निवडतो. हा गाळ बाहेरून मोजायची सोय पूर्वी नव्हती, त्यासाठी खोलीएवढ्या यंत्रात झोपावं लागे. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, की गाळ साचला की कानामागच्या बारीक रक्तवाहिन्यांची थरथर बदलते. ती थरथर टिपणारी पट्टी निघाली आणि बघता बघता चष्म्यासारखी घरोघर झाली.

फक्त एक मेख होती. थरथर प्रत्येकाची वेगळी. म्हणून आधी आठवडाभर पोटभर झोपायचं, आराम करायचा, आणि त्या ताज्या अवस्थेतला आपला नमुना पट्टीला द्यायचा. मग पट्टी रोजची लाट त्या नमुन्याशी ताडून बघणार. लाट नमुन्यापेक्षा जितकी सुस्त, तितका शीण. शास्त्र चोख होतं. घोडं पेंड खात होतं ते माणसाच्या स्वभावात. आठवडाभर आराम करायला सवड कोणाला? विसावाच्या पहिल्याच पानावर लोक अडायचे आणि पट्टी परत करायचे. तेव्हा या टीमने, वेबसाइटवाल्यांच्या रीतीला जागून, तिथे एक मोठं ठसठशीत बटण दिलं. 'नमुना नंतर देईन.' ते दाबलं की सॉफ्टवेअरबरोबर आलेला एक तयार नमुना वापरला जाई. त्याला सगळे 'मूळ नमुना' म्हणत. जगाने ते बटण दाबलं आणि 'नंतर' काही उजाडलं नाही.

हळूहळू पट्टीला माणसापेक्षा जास्त मान मिळाला. रजेच्या अर्जावर ठिपक्याचा रंग लिहावा लागू लागला. घराघरांत एक नवा प्रश्न रूढ झाला. कोणी 'दमलो' म्हटलं, की समोरचा काळजीने नव्हे, हिशेबाने विचारायचा, "किती?"

पोहे आटपून पद्मजाने घरी फोन लावला. नवरा सन्मती सात वर्षांच्या प्राचीची वेणी घालत होता.

"पोचलीस? झोप झाली का गाडीत?"

"कसली झोप! फार दमलेय रे."

"किती?"

तिने मोबाइलवर आकडा पाहिला. "अकरा."

"शंभरात अकरा म्हणजे काहीच नाही की गं!" सन्मती हसला. त्यात वाईट हेतू नव्हता, माणूस सरळ होता. "इथं माझा चौदा आहे. प्राचीचा डबा, आईची औषधं, सगळं करून. मनावर घेऊ नकोस तू."

मनावर घेऊ नकोस. फोन ठेवल्यावर पद्मजाला रडू आलं आणि रडू आल्याची लाज वाटली. तिच्यापेक्षा जास्त शिणलेला नवरा हसून घर चालवतो आणि आपल्याला अकरावर रडू येतं, म्हणजे आपण आळशी. ऐतखाऊ. गेली कित्येक वर्षं ती स्वतःला हेच सांगत आली होती, आणि ते ऐकून ऐकून खरोखर तसंच मानू लागली होती.

समारोपाला वेळ होता. कुठेतरी टेकावं म्हणून ती नौशीनला घेऊन जिन्याखालच्या एका वर्गात शिरली. दारावर चिठ्ठी होती, 'स्वतःचा नमुना स्वतः घ्या.' आत एक साठीच्या बाई एका उघड्या यंत्राच्या वायरी सोडवत होत्या आणि मागच्या बाकावर एक गृहस्थ टोपी तोंडावर ओढून झोपले होते. बाकी वर्ग रिकामा.

"या ना बाई, या," बाई म्हणाल्या. "मी डॉक्टर कुंदा वैरागडे. झोपेच्या आजारांची डॉक्टर. हे मागचे आमचे यजमान आहेत, गर्दी दिसावी म्हणून आणले."

नौशीन खुदकन हसली. डॉक्टरबाईंनी पद्मजाला खुर्चीत बसवलं, तिची पट्टी काढून कानामागे आपल्या यंत्राची चकती लावली. "तुमचं ते विसावा आकडा दाखवते. माझं यंत्र काही ताडून पाहत नाही, नुसती लाट दाखवते. रोज झोप किती होते?"

"पाच तास. कधी कमी."

"अन् पट्टी काय म्हणते?"

"हिरवी."

"अन् तुम्ही काय म्हणता?"

हा प्रश्न पद्मजाला किती वर्षांत कोणी विचारला नव्हता! डोळे भरून आले. डॉक्टरबाई तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

भिंतीवर लाट उमटू लागली. बसकी, सुस्त, ओढत चालल्यासारखी. आणि मधूनच, काही ठोक्यांनंतर, जिना उतरताना पायरी चुकावी तशी एक ठेच.

"ही ठेच काय आहे?" पद्मजाने विचारलं.

"ठोका चुकते तुमचा मधात मधात. घाबरू नका, जन्मजात असते एखाद्याला. पण ही ठेच म्हणजे तुमची सहीच समजा. नेमकी अशी दुसऱ्या कोणाची नसणार."

"ताई," नौशीन हळूच म्हणाली. ती भिंतीकडे नाही, स्वतःच्या अंगातल्या टी-शर्टकडे बघत होती. "ताई, ही तर आपली लाट आहे."

परिषदेत प्रत्येकाला विसावाचा टी-शर्ट मिळाला होता. छातीवर विसावाचं बोधचिन्ह, मूळ नमुन्याची लाट. ताज्या, टवटवीत माणसाची लाट म्हणून ती जगभर ओळखली जाई. कॉफीच्या मगांवर, स्टिकरांवर, पट्टीच्या खोक्यावर तीच. बसकी, सुस्त. आणि मधूनच एक ठेच.

डॉक्टरबाईंनी चष्मा सारखा केला, नौशीनच्या छातीवरची लाट पाहिली, मग भिंतीवरची. "मी तीन वर्षांपासून ओरडून राहिली ना, का तुमचा हा मूळ नमुना ताज्या माणसाचा नाही! ही लाट ज्या माणसाची आहे, त्याला ताबडतोब झोपवायला पाहिजे होतं. कोणी ऐकलंच नाही बाप्पा."

पद्मजाला एकदम सगळं आठवलं. सांगलीतलं हळदीच्या गोदामावरचं त्यांचं पहिलं ऑफिस. प्राची तीन महिन्यांची होती आणि रात्रभर रडायची, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि हिला घरी बसून चालत नव्हतं. विसावाचं पान पहिल्यांदा लोकांना दाखवायचं होतं आणि आलेख रिकामा दिसत होता. रणधीर म्हणाला, "पद्मा, तू बस जरा पट्टी लावून. काहीतरी लाट दिसू दे, पान बोडकं वाटतंय." ती बसली, आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. आयुष्यात त्याहून जास्त ती कधीच दमली नव्हती. ती लाट तिथे राहिली ती राहिलीच, आणि पुढे तिचाच मूळ नमुना झाला.

म्हणजे जगातला प्रत्येक माणूस सात वर्षं त्या दिवसाच्या पद्मजाशी ताडून पाहिला जात होता. तिच्याहून जास्त दमल्याशिवाय कोणाचा ठिपका लाल होणार नव्हता. आणि ती स्वतः? ती रोज स्वतःच्याच थकव्याशी स्वतःला ताडत होती. फरक काहीच निघत नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तिला आधी हसू आलं, मग भयंकर राग आला. कोणाचा ते तिला कळेना. मी आळशी नव्हते, एवढं एकच वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं. मी आळशी नव्हते.

रणधीर सभागृहामागे चहाचा कागदी पेला घेऊन भाषण पाठ करत होता. पद्मजाने सगळं सांगितलं. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"बदलायचं राहून गेलं," तो शेवटी म्हणाला. "कोडात लिहून ठेवलंय बघ मी तिथं, 'तात्पुरता, नंतर बदलणे.' नंतर बदलायला सोपं जावं म्हणून तर पट्ट्या तो नमुना दर थोड्या वेळाने आपल्या साइटवरून उचलतात. एक फाइल बदलली की झालं जगभर. इतकी सोय केली होती, पद्मा."

"मग बदलूया आत्ता."

"आत्ता? इस्पितळांची माणसं बसलीत आत! आणि कशाने बदलणार? खरा ताजा माणूस कुठनं आणायचा? हे बघ, पुढची आवृत्ती तूच काढतेयस, त्यात घे हे काम. नंतर शांतपणे—"

"पुन्हा नंतर?"

रणधीरने पेला चुरगाळला. "लोक काय म्हणतील आपल्याला! सात वर्षं झक मारली म्हणतील."

"मारलीच," नौशीन म्हणाली. ती मागे येऊन उभी होती हे दोघांनाही कळलं नव्हतं. "सर, माझा भाऊ इम्तियाज ट्रॅव्हल्सची गाडी चालवायचा. सलग तिसऱ्या फेरीला त्याला झोप लागली आणि गाडी दुभाजकावर गेली. दोन बायकांचे पाय मोडले. तो सांगत होता, मी दमलो होतो, मालकाला म्हणालो होतो. पण पट्टी हिरवी होती. मग गुन्हा त्याच्या एकट्यावर. मालक सुटला. मी तेव्हा नुकतीच आपल्यात आले होते. आमच्या अम्मीने त्याच्यावर विश्वास ठेवला. मी नाही ठेवला. मी आपल्या पट्टीवर ठेवला."

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं काहीतरी रणधीरच्या तोंडून निघालं आणि त्याने मान खाली घातली. आतून त्याचं नाव पुकारलं गेलं. तो चुरगाळलेला पेला टाकून आत गेला.

सभागृह खच्चून भरलं होतं. रणधीरने स्वागत केलं, इस्पितळांच्या प्रतिनिधींना पुष्पगुच्छ दिले. आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "पुढच्या आवृत्तीची जबाबदारी," तो म्हणाला, अडखळला, आणि मग नुसतंच म्हणाला, "पद्मजा, तू ये आणि काय सांगायचं ते सांग."

पद्मजा वर गेली. पाय जड होते, पण ते जड आहेत असं तिने आज पहिल्यांदाच स्वतःजवळ कबूल केलं होतं, आणि त्यामुळे का कोण जाणे, चालायला सोपं जात होतं.

"तुमच्या सगळ्यांच्या छातीवर जी लाट आहे ना," ती माइकमध्ये म्हणाली, "ती माझी आहे. मुलगी तीन महिन्यांची होती तेव्हाची. मी बसल्या जागी झोपले होते, तेव्हाची. ताज्या माणसाची नाही ती."

कोणीतरी हसलं. विनोद असावा असं वाटलं असेल. मग ती सांगत गेली तसं हसू थांबलं. माणसं आपापले टी-शर्ट दोन बोटांनी धरून खाली वाकून बघू लागली. पहिल्या रांगेत डॉक्टर वैरागडे आणि त्यांचे यजमान बसले होते. यजमान पूर्ण जागे होते.

"म्हणजे आमचे आतापर्यंतचे सगळे आकडे चुकले?" इस्पितळवाल्यांपैकी एकजण उठून म्हणाला. "आज रात्रीच्या पाळ्या कशावर लावायच्या मग?"

"नर्सला विचारून," पद्मजा म्हणाली. "मी मूळ नमुना काढून टाकतेय. त्याच्या जागी काहीच ठेवत नाही. ज्यांनी आराम करून स्वतःचा नमुना दिलाय, त्यांची पट्टी चालू राहील. बाकीच्यांची पांढरी होईल. पांढरी म्हणजे, पट्टीला माहीत नाही. आणि खरं सांगायचं तर तिला सात वर्षं माहीत नव्हतंच."

मागच्या पडद्यावर तिने बदल लिहिला. एक फाइल रद्द. पण विसावाचा नियम होता, कुठलाही बदल दोन सांभाळकर्त्यांच्या मंजुरीशिवाय लागू होत नाही. पडद्यावर एका नावासमोर खूण उमटली. दुसरी जागा रिकामी.

सगळं सभागृह रणधीरकडे बघत होतं. तो पुष्पगुच्छांच्या टेबलाला टेकून उभा होता. कानामागे हिरवा ठिपका, डोळ्यांखाली काळं. पद्मजाला त्याची एकदम कणव आली. यालाही कोणी विचारलं नव्हतं.

"रणधीर," ती माइक बाजूला करून म्हणाली, "तू कसा आहेस?"

तो पुढे आला, खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावर चढवून अंगठा टेकवला. पडद्यावर दुसरी खूण उमटली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग मागच्या रांगांतून कुजबूज सुरू झाली. एकेका कानामागचा हिरवा ठिपका विझून पांढरा होत होता. पट्ट्या जसजशा नमुना उचलायला साइटवर जात होत्या, तसतसं सभागृह रांगेरांगेने पांढरं होत आलं. सगळ्यांच्या मोबाइलवर एकच ओळ आली, 'तुमचा नमुना नाही. आधी आराम करा.' माणसं एकमेकांच्या कानामागे बघत होती आणि तिथे काहीच न दिसल्यामुळे, नाइलाजाने, एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती.

आणि रणधीर आरवाडेने, भर व्यासपीठावर, तोंडावर हात न ठेवता, चांगली लांबलचक जांभई दिली. माइक चालू होता. ती सगळ्या सभागृहाला ऐकू गेली. पहिल्या रांगेत इस्पितळवाल्याला जांभई आली, त्याच्या शेजारणीला आली, मग ती लागण मागे मागे पसरत गेली. कोणी कोणाला हसलं नाही. नौशीन मात्र दाराशी उभी राहून फोनवर घाईघाईने बोलत होती, "भाई, ऐक ना, भाई, फोन ठेवू नकोस," आणि डोळे पुसत होती.

पद्मजा बाहेर आवारात येऊन एका कट्ट्यावर बसली. शिव्याशाप यायचे होते, पत्रकार यायचे होते, इम्तियाजच्या खटल्यात साक्ष द्यावी लागणार होती. ते सगळं तिला दिसत होतं. पुढची आवृत्ती ती काढणार नव्हती, हेही ठरलं होतं. फोन वाजला. सन्मती होता.

"अगं, माझी पट्टी पांढरी पडलीय. आईचीपण. बिघडलं काय तुमचं?"

"नाही. सांगते नंतर—" ती थांबली. "आत्ताच सांगते. सन्मती, मी दमलेय."

"किती?" तो सवयीने म्हणाला.

तिनेही सवयीने मोबाइल कानापासून काढून पाहिला. आकड्याच्या जागी काहीच नव्हतं. सन्मतीलाही ते एव्हाना आठवलं असावं, कारण पलीकडे तो पहिल्यांदाच उत्तराची वाट बघत होता.

"खूप," पद्मजा म्हणाली.

"बरं," सन्मती म्हणाला. "मीपण गं. ये घरी. झोपूया."